सातशे सत्त्याहत्तर

आमच्या ऑफिसात माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानावर आमचा माळा होता. तिथून निम्म्या जुन्नर तालुक्याला आणि खाली आंबेगावातल्या मंचरपर्यंतच्या गावांना आम्ही तारेतून इंटरनेट पुरवत होतो. खांबांवरून काळी केबल ओढायची, ऊस, द्राक्षाचे मांडव आणि कालवा ओलांडून न्यायची आणि कुणाच्या तरी पुढच्या खोलीत, टीव्हीखालच्या पांढऱ्या डबीत तिचं टोक खुपसायचं, एवढाच धंदा. पोरं सगळी आसपासच्या गावांतली. दिवसभर आकड्यांशी झटापट करायची, त्यामुळं त्यांची चेष्टाही आकड्यांतच चालायची.

जो कधीच जागेवर सापडत नसे तो चारशे चार. पान सापडलं नाही की पडद्यावर हाच आकडा येतो, तुम्हीही पाहिला असेल. ह्याच्या चुलत्याची मेंढरं जवळपासच्या शेतात बसायला आली की हा खांबावरून उतरून जो गायब व्हायचा तो थेट जेवायच्या वेळेला उगवायचा. कोण कुठल्या गल्लीत राहतं हे तालुकाभर ज्याला पाठ तो त्रेपन्न, कारण नावावरून पत्ता काढून द्यायचं काम यंत्रात त्रेपन्न नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, चालतं. बिलं करणारे म्हातारे काका सतत स्वतःशी पुटपुटायचे, ते एकशे सत्तावीस. एकशे सत्तावीसनं सुरू होणारा पत्ता म्हणजे यंत्रानं स्वतःलाच मारलेली हाक. शेठला तोंडावर शेठ आणि पाठीमागं एक-एक, कारण राउटरचा पत्ता एक-एकवर संपतो आणि त्याला विचारल्याशिवाय घरातलं काहीच बाहेर जात नाही.

आणि मी सातशे सत्त्याहत्तर.

मला ते नाव लागलं तेव्हा मी त्रेपन्नला विचारलं होतं, ह्याचा अर्थ काय रे? तो म्हणाला, "लकी नंबर हाय ताई. जॅकपॉट." बाकीचे माना हलवत होते. मला पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला लकी म्हणत होतं, मी कशाला शंका काढत बसते?

कारण मी माघारी आलेली बाई. मंचरच्या पलीकडं एका गावात मला दिलं होतं. नवरा मारायचा. हे सांगायला मला लाज वाटत नाही, वाटायचीच असेल तर ती त्याला वाटू दे. एका सकाळी एस.टी.त बसले आणि पिंपळवंडीला आईकडं आले, ती आलेच. गावाकडं अशा बाईसाठी एकच वाक्य असतं, "ती नांदत न्हाई." बाई मार खात होती की उपाशी होती, ह्याच्याशी त्या वाक्याला काही देणंघेणं नसतं. चुलते बैठक घालून बसले आणि म्हणाले, पोचवून या तिला. आई पदराआड रडत होती, म्हणजे नेहमीप्रमाणं काहीच करत नव्हती. तेव्हा माझा धाकटा भाऊ उठला आणि म्हणाला, "ती जाणार न्हाई, आन् तिला न्यायला कुणी गाडीबी काढायची न्हाई." एवढं बोलून तो कांदे निवडायला निघून गेला. अख्ख्या भावकीत माझ्या बाजूनं बोललेला तो एकटा माणूस. तो त्या इंटरनेटच्या ऑफिसात तारा जोडायचं काम करत होता. त्यानंच शेठला सांगून मला तिथं फोनवर बसवलं.

फोनवर बसणं म्हणजे शिव्या खाणं. "ताई, नेट गेलं." मग मी सांगायचे, मोबाईलवर लिहा, एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक. "टिंब म्हंजी?" पूर्णविराम हो. "पूर्णविराम कशाला, आजून लिहायला सुरवातच कुठं केलीया?" असल्या माणसांशी मी दिवसभर गोड आवाजात बोलायचे आणि फोन ठेवला की टेबलाला लाथ घालायचे. टेबलाची ती बाजू पार खिळखिळी झाली होती.

सगळ्यात जास्त डोकं फिरवायचा तो वजाचा आकडा. तारेतून येता येता उजेड किती मंदावला ते मोजतात, आणि तो आकडा नेहमी वजातच असतो. वजा वीसच्या आसपास असला की झकास. वजा सत्तावीसच्या पलीकडं गेला की डबीवर लाल दिवा लागतो आणि माझ्या खानदानाचा उद्धार सुरू होतो. आमच्याच गावातल्या एका बागायतदारानं मला एकदा फोनवर झापलं होतं. आमच्या पोरानं मीटर लावला तेव्हा ह्यानं आकडा वाचला होता, आणि शेजारच्या चुलतभावाचाही वाचला होता. "त्येला सत्तावीस आन् मला वीसच? मी काय कमी पैसं भरतो का?" मी समजावलं, दादा, वजा आहे, कमी ते चांगलं. तो म्हणाला, "वजा-बिजा मला सांगू नका, मला त्येच्याहून एक तरी जास्त पायजे." त्याला तो आकडा देऊन टाकावा आणि लाल दिव्यापुढं उदबत्ती लावून बसवावं, असं मला फार वाटलं. लाईनवाल्यांनीच नाही म्हटलं, नाहीतर मी दिला असता.

मला त्या फोनवरून उठायचं होतं. आत काचेची एक खोली होती, तिथं सर्व्हर होते, गारवा होता आणि फोन नव्हता. तिथला माणूस सोडून जाणार अशी बोलवा होती आणि ती खुर्ची मला हवी होती. त्यासाठी आकडे पाठ पाहिजेत. ते मला भावानं शिकवले. संध्याकाळी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून पिंपळवंडीला जायचं आणि वाटेत त्यानं पाढे विचारल्यासारखं विचारायचं.

"बावीस?"

"दुरून यंत्रात शिरायचं दार."

"ऐंशी?"

"वेबसाइटचं उघडं दार."

"चारशे त्रेचाळीस?"

"तेच, कुलूप लावून."

"चोवीसच्या पट्ट्यात घरं किती?"

"दोनशे चोपन्न. पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला द्यायचा नाही."

चुकले की तो गाडी मुद्दाम खड्ड्यातून घालायचा आणि मी त्याच्या पाठीत गुद्दा घालायचे. माहेरी आल्यापासून मी मोकळेपणानं हसायचे ती जागा म्हणजे ती मोटरसायकल. नंतर मी स्कूटर घेतली.

स्कूटरला नंबर कुठला घ्यायचा ह्याचा मला प्रश्नच नव्हता. आमच्याकडं लोक गाडीपेक्षा नंबरावर जास्त जीव टाकतात. कुणाला बेरीज नऊ लागते, कुणाला बापाचं जन्मसाल लागतं. मी म्हटलं, माझा तर लकी नंबर सगळ्या ऑफिसाला माहीत आहे. एजंटकडं भाऊ बरोबर आला होता. तो म्हणाला, "ताई, दुसरा घे ना. नऊवाला घे." मी म्हटलं, तुला काय कळतं? त्यानं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. गाडी आली, पाटीवर तिन्ही सात चमकत होते. मी हार घातला, पेढे घेतले आणि तशीच गाडी ऑफिसाखाली नेऊन उभी केली. पोरं पेढे खाता खाता एकमेकांना कोपरानं ढोसत होती. चारशे चारनं पाटीजवळ उभं करून माझा फोटो काढला, हसा म्हणाला, मी हसले. शेठ खाली उतरून आले, पाटी बघितली आणि म्हणाले, "शोभतोय तुला." मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते आठवलं की आजही मला पाया पडायच्या कार्यक्रमाचीच शिसारी येते.

मग पुण्याहून एक सर शिकवायला आले. आतली खुर्ची रिकामी होणार हे नक्की झालं होतं, शेठनी ऑफिसात होते तेवढ्या सगळ्यांना बसवलं. मी पहिल्या ओळीत. सर तरुण होते, भले होते, त्यांना आमचं काहीही माहीत नव्हतं. दारांचे नंबर झाले, पत्त्यांचे पट्टे झाले, मला सगळं येत होतं आणि मी सगळ्याची उत्तरं देत होते. नंतर त्यांनी फाइलींच्या परवानग्या काढल्या. म्हणाले, प्रत्येक फाइलीवर तीन आकडे असतात, पहिला ओनरचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा अदर्सचा. पोरं नुसती बघत बसली. तेव्हा मागून शेठ म्हणाले, "आरं सोपं हाय. पयला मालक, दुसरी भावकी, तिसरं गाव." सर खूश झाले. पुढं ते तसंच म्हणायला लागले.

"वाचायची परवानगी चार, लिहायची दोन, चालवायची एक. बेरीज करायची. मालकाला सगळं, भावकीला आणि गावाला फक्त वाचायला आणि चालवायला. किती?"

"सातशे पंचावन्न," मी म्हटलं.

"शाब्बास. मालकानं वाचावं-लिहावं, बाकी कुणाला काहीच नको?"

"सहाशे."

"आणि तिघांनाही सगळंच मोकळं सोडलं तर?"

"सातशे सत्त्याहत्तर!" मी म्हटलं. गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं तशा आनंदानं, मोठ्यानं म्हटलं.

"हे मात्र कधीही देऊ नका," सर म्हणाले. "मालक, भावकी, सगळं गाव. येईल त्यानं हात घालावा असं होतं ते."

आधी मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा माळा हसायला लागला. सरांनी गोंधळून विचारलं, काय झालं? शेठ डोळे पुसत म्हणाले, "काय न्हाई सर, आमच्या म्याडमच्या गाडीचा नंबर हाय त्यो." म्हातारे एकशे सत्तावीस काकाही हसत होते, दाढी हलत होती त्यांची. त्यांची सून डबा देत नसे म्हणून मी रोज माझ्या डब्यातली भाजी त्यांना देत होते. सगळ्यांपेक्षा त्यांचं हसणं मला जास्त लागलं.

मी रडले नाही. पर्स उचलली, खाली आले, आणि त्या पाटीसमोर उभी राहिले. उन्हात ती लखलखत होती. एकदा दिलेला नंबर गाडी भंगारात जाईपर्यंत बदलत नाही, हे तेव्हा मला आठवलं. दुकानदार, रिक्षावाले, बँकेतला शिपाई, ह्यातलं कोणकोण ती पाटी वाचून हसलं असेल ह्याचा मी हिशेब करायला लागले आणि तो अर्धवट सोडून दिला. त्यांचं मला काही नव्हतं. शेठचंही नव्हतं, तो माणूस पहिल्या दिवसापासून तसलाच होता. मला एकच गोष्ट हवी होती: माझ्या भावाला हे माहीत नसावं. एवढं एक मिळालं असतं तर मी बाकी सगळं गिळलं असतं आणि उद्या परत त्या फोनवर येऊन बसले असते.

तो त्या दिवशी लेण्याद्रीच्या रस्त्याला होता. मी गाडी तिकडं घातली. गटार खणताना जेसीबीनं आमची जाड केबल तोडली होती, आणि तो रस्त्याच्या कडेला छत्रीखाली, उलट्या ठेवलेल्या टोमॅटोच्या क्रेटवर जोडणीचं मशीन मांडून बसला होता. गणपतीला निघालेल्या गाड्या धूळ उडवत जात होत्या. खांबापलीकडं चारशे चार आणि आणखी दोघं शिडीला टेकून चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडं बघून माना खाली घातल्या. ट्रेनिंगमधली बातमी माझ्या आधी फोनवरून त्यांच्यापर्यंत पोचली होती.

तो केसाएवढ्या तारा रंगानं लावून घेत होता. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. तो क्रम चुकला की एका गावाचं इंटरनेट दुसऱ्या गावाला जातं. वर न बघता तो म्हणाला, "सुटलं का ट्रेनिंग?"

"सातशे सत्त्याहत्तर म्हणजे काय रे?"

त्याचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

तिथंच मला कळलं. माहीत नसलेला माणूस आधी "काय?" असं विचारतो. आणि हेही तेव्हाच ध्यानात आलं, की मोटरसायकलवर त्यानं मला सगळे आकडे विचारले होते, फक्त परवानग्यांचे कधी विचारले नव्हते.

"तुला ठाऊक होतं."

"व्हतं."

"नाव कुणी ठेवलं? त्या चारशे चारनं?"

"त्याला येवढं डोकं कुठंय," तो म्हणाला. मग राखाडी तार उचलून म्हणाला, "मीच ठिवलं."

तोच बोलत सुटला, तारेकडं बघत. "तू आली तवा सगळी लई घाण बोलायची. माघारी आलेली म्हंजी मोकळीच, आसं. हापिसात न्हाई, हितं, खांबाखाली. मला तर मेवणाच म्हणायची. ओ मेवणं, शिडी धरा. ओ मेवणं, च्या सांगा."

ज्याची बहीण आपल्याकडं असते तो मेव्हणा. परक्या माणसानं म्हटलं की ती शिवी होते, आणि ती एका फटक्यात दोघांना बसते.

"मग तू काय म्हणायचास?"

"काय म्हणणार? ओ म्हणायचो. काम त्येंच्यासंगंच करायचं व्हतं ना." त्यानं तारेचं टोक पुसलं. "मंग मीच एकदा म्हणलं, गिऱ्हाइकापुढं उघडं बोलू नका, आकडा ठिवा. आकडा तुला कळला नसता. तुला वाईट वाटू न्हाई म्हणून, ताई."

"आणि तुला मेव्हणा म्हणायचे, त्याचं काय झालं?"

त्यानं तारा मशीनमध्ये ठेवल्या आणि झाकण लावलं. मशीन गुंगुं करत राहिलं. जोडणीत किती उजेड सांडला तो आकडा पडद्यावर आला, शून्य टिंब शून्य दोन. ह्याच्यापेक्षा चांगली जोडणी सहसा होत नसते. तो त्या आकड्याकडं गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसला.

"त्ये बंद झालं," तो म्हणाला. "आकडा दिल्यावर त्येंना त्येच्यातच मजा यायला लागली."

म्हणजे माझ्या चुलत्यांसमोर एकटा उभा राहिलेला माझा भाऊ ह्या तीन चहाबाज पोरांसमोर उभा राहू शकला नव्हता. त्यांच्या तोंडातून स्वतःला सोडवून घ्यायला त्यानं काहीतरी द्यायला हवं होतं आणि त्यानं मला दिलं. वर पुन्हा मला वाईट वाटू नये म्हणून. मला तो तिथल्या तिथं, त्या क्रेटसकट गटारात ढकलून द्यावासा वाटला. नवऱ्यानं मारलं तेव्हा मला इतका राग आला नव्हता, कारण नवऱ्याकडून मी कधी काही अपेक्षाच धरली नव्हती.

"ताई, आईला काय बोलू नको," तो म्हणाला.

मी वळले आणि गाडीकडं चालत आले. हेल्मेट घातलं. चारशे चार आणि ते दोघं कप हातात धरून माझ्याकडं बघत उभे होते, आता ही रडणार म्हणून वाट बघत. मंदिराकडं जाणारी एक गाडी वाट विचारायला थांबली होती, तिच्या काचा खाली होत्या, आत बायकापोरं होती. माझा भाऊ पुढची तार लावायला पुन्हा मान खाली घालून वाकला होता.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा, फोनवरच्या माझ्या गोड आवाजात हाक मारली, "ओ मेवणं!"

"ओ," तो म्हणाला. सवयीनं, पटकन, मान खाली ठेवूनच.

मग त्यानं वर बघितलं. मी त्याचं ते तोंड पोटभर बघून घेतलं आणि गाडी चालू केली.